घर एक, वही एक, दातांचा डॉक्टर एक



गेल्या वर्षावासातली गोष्ट. पंचवटीतल्या एका वस्तीच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही मुलांची दंततपासणी ठेवली होती. साहित्य म्हणाल तर एक सतरंजी, तीन खुर्च्या, दोन टॉर्च, तोंडात बघायचे छोटे आरसे आणि सुट्टीचा दिवस मोडून आलेल्या दोन डॉक्टर ताई. पोरांची रांग पायरीच्या खाली गेली होती. त्या रांगेत एक आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या. नातू सात वर्षांचा, उजवा गाल सुजलेला.

"तीन रात्री झाल्या, झोपत नाही पोरगं. मेडिकलवरून गोळी आणली, तेवढ्यापुरतं थांबतं," आजी म्हणाल्या.

ताईंनी मुलाला बघितले, चिठ्ठी लिहिली आणि मग खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, "आजी, आता तुम्ही बसा."

आजींनी पदर तोंडाला लावला. "मला काय झालंय? माझे निम्मे पडले, निम्मे पडतील. तुम्ही पोराचं बघा."

"बसा तर खरं."

खालच्या ओठाच्या आत, जिथे बोट फिरवून त्या रोज मशेरी लावत, तिथे बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. कापसाने पुसला तरी निघेना. दुखत नव्हता, खुपत नव्हता. असा काही चट्टा आपल्या तोंडात आहे हेही आजींना माहीत नव्हते. नातवाची दाढ सुजली नसती तर त्या कुणासमोर तोंड उघडून बसल्याच नसत्या.

आम्ही डॉक्टर नाही. वस्तीत आरोग्याचे काम करतो आणि डॉक्टरांना विचारून हे पान लिहितो. पण त्या रविवारनंतर एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. आपल्या वस्त्यांमध्ये दातांचा डॉक्टर हा एका दाढेपुरता, एका ठणक्यापुरता असतो. दाढ दुखली की जायचे, उपटून यायचे, पुन्हा दुसरी दुखेपर्यंत त्या वाटेला जायचे नाही. दर वेळी डॉक्टर नवा, केसपेपर नवा. आजीच्या तोंडात काय आहे ते नातवाच्या डॉक्टरला माहीत नसते आणि बापाच्या तोंडात काय चालले आहे ते तर कुणालाच माहीत नसते. खरे तर दातांचे दुखणे एकट्याचे क्वचित असते. ते घराचे असते.

"आमच्या घराण्यातच दात किडके"

हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. यात थोडे खरे आहे आणि बरेच खरे नाही. जबड्याचा आकार, दातांची दाटी, पुढे आलेले दात, एखादा दात मुळातच नसणे, हे आईबापांकडून मुलांकडे येते. तरुणपणीच हिरड्या झिजून दात हलू लागण्याचा एक प्रकारही काही घराण्यांत दिसतो. पण कीड रक्तातून येत नाही. ती चहाच्या कपातून, रात्रीच्या गोड दुधातून, दुकानातल्या पाच रुपयांच्या पाकिटातून येते. घरातल्या सगळ्यांचा कप, डबा आणि दुकान एकच असते, म्हणून सगळ्यांचे दात सारखेच किडतात आणि आपण म्हणतो घराण्यात आहे.

आणखी एक वाट आहे. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या तोंडात दात किडवणारे जंतू नसतात. ते पुढे बहुतेक वेळा घरातल्याच माणसांच्या लाळेतून येतात. घास आधी आपण चावून बाळाला देणे, त्याच चमच्याने आधी आपण चाखणे, खाली पडलेले बूच तोंडात घेऊन साफ करणे, यातून. ज्या आईच्या तोंडात किडलेल्या दाढा उघड्या पडल्या आहेत, तिच्या बाळाला हे जंतू लवकर आणि जास्त मिळतात. यात आईला बोल लावण्यासारखे काही नाही. बाळाला जवळ घेऊ नका, पापा घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. आईच्या दाढांचा इलाज वेळेवर करा, एवढेच म्हणतो. आईच्या दाढेत भरलेले सिमेंट बाळाच्याही उपयोगी पडते.

त्या आजींची सून पाच महिन्यांची गरोदर होती. ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त यायचे, म्हणून तिने ब्रश करणेच सोडले होते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, हे अनेकींना होते. त्यावर ब्रश सोडणे हा उपाय नाही. मऊ ब्रशने रोज दोनदा घासायचे आणि डॉक्टरांकडून कीटण काढून घ्यायचे. चौथा ते सहावा महिना दातांच्या साध्या उपचारांसाठी सगळ्यात सोयीचा. मात्र डॉक्टरला पोटात बाळ आहे हे आधी सांगायचे, म्हणजे औषध आणि फोटो त्या हिशेबाने ठरतात. "डिलिव्हरी होऊन जाऊ दे, मग बघू," असे सासरी म्हणतात. तान्हे बाळ मांडीवर आल्यावर कोणती बाई स्वतःच्या दाताला घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसते?

मशेरीचा डबा

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डब्यात भरायची. कुणी मशेरी म्हणते, कुणी मिश्री. सकाळी उठल्या उठल्या दातांना लावायची, मग कामावर जाताना, मग दुपारी, मग झोपताना. आपल्या आया-आज्यांनी ती हौसेने धरली असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या शेतात, बांधकामावर, वीटभट्टीवर पोटात काही नसताना उभे राहायचे, तेव्हा मशेरीने भूक मरायची. दाढ दुखली तर मशेरीनेच बधिर व्हायची. दवाखाना लांब आणि डबा कमरेला. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायकांच्या तर हातालाच तंबाखू. ही सवय गरिबीने लावली आहे, म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईला हिणवणाऱ्यांचे आणि आमचे पटत नाही.

पण दातांना लावतात म्हणून मशेरी हे दातवण आहे, हा समज मोडलाच पाहिजे. ती शुद्ध तंबाखू आहे. तिची तलफ लागते ती तंबाखूचीच. धूर न काढता तोंडात ठेवायच्या तंबाखूने कर्करोग होतो, यात आता कोणत्याही शास्त्रज्ञाला शंका नाही, आणि सुपारीचेही तसेच, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीचेसुद्धा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर होते, तिला कोण बंदी घालणार?

आणि ती वारशाने जाते. त्या रविवारी आजींची दहा वर्षांची नातही आली होती. तिच्या खालच्या दातांच्या कडा काळपट दिसल्या. ताईंनी सहज विचारले, "तू पण लावतेस का गं?" पोरगी आजीकडे बघू लागली. आजीची मशेरी भाजायचे काम तिच्याकडे होते. भाजता भाजता एक बोट स्वतःच्या दाताला. दात दुखत होता, आजीच म्हणाली होती, लाव थोडी, बरे वाटेल. यात आजीची मायाच होती.

पोरीच्या दाढेत छोटा खड्डा होता, एका बैठकीत भरून झाला. एका छोट्या खड्ड्याच्या दुखण्यापायी ती आयुष्यभराची तंबाखू धरणार होती. एकच डॉक्टर आजीचे आणि नातीचे तोंड एकापाठोपाठ बघतो, तेव्हाच हा धागा दिसतो. वेगवेगळ्या दवाखान्यांत एकीचा चट्टा दिसला असता, दुसरीचा खड्डा. मधला तवा कुणालाच दिसला नसता.

घरातल्या मोठ्यांनी महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर, स्वतःचे तोंड बघावे. ओठ उलटून आतली बाजू, दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा जो पुसून जात नाही. पंधरा दिवसांत न भरलेला फोड किंवा जखम, दुखत नसली तरी. गालात किंवा मानेत गाठ. तिखट अजिबात सहन न होणे. आणि तोंड कमी उघडणे. स्वतःच्याच हाताची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. मावत नसतील तर सुपारी-गुटखा-मावा खाणाऱ्यांना होणारा तो आजार असू शकतो, ज्यात गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होत जाते. ती पुन्हा पहिल्यासारखी मऊ होत नाही. तिथेच थांबवता येते, तेही खाणे बंद केले तर.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब तोंडाच्या बाबतीत उलटा आहे. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. दुखू लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो.

सहा वर्षांची दाढ

नातवाकडे परत येऊ. त्याची जी दाढ सुजली ती दुधाची होती, आणि "दुधाचीच आहे, पडणारच आहे" म्हणून दोन वर्षे तिच्याकडे कुणी बघितले नव्हते. दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सात वर्षांपासून पडू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे भाकरी चावायला मुलाकडे आठ-नऊ वर्षे त्याच दाढा असतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो. मग लोक म्हणतात, तारा बसवा. तारांचा खर्च वस्तीतल्या घराने करायचा कसा?

दुसरी गोष्ट अनेक शिकलेल्या घरांतही माहीत नसते. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वरखाली दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता येते, त्यामुळे आई-बाप तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते. ती गेली की गेली, तिच्या जागी दुसरी येत नाही. वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांची जी पहिली दाढ उपटलेली दिसते ती बहुतेक वेळा हीच. मूल पहिलीत गेले की त्याला तोंड उघडायला लावून शेवटची दाढ बघा. तिच्या खोल रेघा कीड लागण्याआधीच बुजवून घेता येतात. दुखत नाही, भूल लागत नाही.

लहानांचे रोजचे एवढेच: पहिला दात आला की ब्रश सुरू. तीन वर्षांच्या आत भाताच्या शिताएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. रात्री झोपण्याआधीचे घासणे सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने स्वतः घासून द्यावे, कारण त्याआधी मुलाचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. वरचे पुढचे चार दात तपकिरी होऊन तुटलेली बाळे आम्ही प्रत्येक वस्तीत बघितली आहेत. राखुंडी, वीट, मीठ, काळे मंजन यांनी दात पांढरे दिसतात ते घासून झिजतात म्हणून.

आणि गालाबरोबर जबड्याखाली सूज उतरली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर मेडिकलच्या गोळीवर रात्र काढू नका. लगेच रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी.

डोळे जातात म्हणे

वरची दाढ काढली की नजर जाते. कीटण काढले की दात हलू लागतात. बाळाचे वरचे दात आधी आले तर मामाला वाईट. दाढेत किडा असतो आणि तो धुरीने बाहेर पडतो. यातले एकही खरे नाही, पण यांच्यामुळे वाया गेलेल्या दाढा मोजता येणार नाहीत.

दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या. नजर कमी होण्याचे वय आणि दाढा काढण्याचे वय साधारण एकच, म्हणून दोन्हींची गाठ घातली गेली. कीटण हिरडीला खाली ढकलत असते आणि हलणाऱ्या दातांना तेच वेढून बसलेले असते. ते काढल्यावर फटी उघड्या दिसतात, पण दात हलवला तो कीटणानेच. दाढेत किडा नसतोच. जत्रेत कानाशी नळी लावून जो पांढरा किडा काढून दाखवतात तो हाताच्या चलाखीने आणलेला असतो. बाबासाहेबांच्या मागे येऊन आपण गंडेदोरे सोडले, नवस सोडले, मग दाढेतला किडा तेवढा का ठेवावा?

फुटपाथवर कवळ्या मांडून बसणाऱ्यांबद्दलही सांगून टाकू. पडलेल्या दाताच्या जागी दहा मिनिटांत ते दात चिकटवून देतात. तो शेजारच्या चांगल्या दातांवर आणि हिरडीवर कायमचा थापलेला असतो. त्याखाली घासता येत नाही, अन्न कुजते आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे दातही जातात. एका दाताचे पैसे वाचवायला जाऊन तीन गेलेली माणसे वस्तीत शोधावी लागत नाहीत. खरी कवळी काढता-घालता येते, ती रात्री काढून, धुऊन, पाण्यात ठेवायची असते. आणि डॉक्टर खरा आहे का ते बघायला संकोच करू नका. दातांची पदवी आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर असतो. नसेल तर विचारा.

भिक्खूंच्या दातकाडीची गोष्ट

दातांची काळजी हे आपल्याला काल कुणी शिकवलेले नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ही गोष्ट आहे. भिक्खू दातकाडी वापरत नव्हते, त्यांच्या तोंडाला वास येऊ लागला. तथागतांपर्यंत बातमी गेली. त्यांनी दातकाडी न चावण्याचे पाच तोटे सांगितले: डोळ्यांना हितकर नाही, तोंडाला दुर्गंधी येते, चव नेणाऱ्या वाटा साफ राहत नाहीत, पित्त आणि कफ अन्नाला वेढतात, आणि अन्न गोड लागत नाही. मग दातकाडीला परवानगी दिली. यातले डोळ्यांचे आणि पित्त-कफाचे कारण त्या काळच्या वैद्यकातले, आजचे डॉक्टर तसे सांगणार नाहीत. पण बघण्यासारखे हे की पुण्य लागेल असे कुठेही म्हटलेले नाही. कारणे दिली आणि ती तोंडाची आणि जेवणाची दिली.

पुढची गोष्ट तर मजेची. काही खोडकर भिक्खू लांबलचक दातकाड्या घेऊन त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा नियम आला, आठ अंगुळांपेक्षा लांब काडी नको. मग एकाने इतकी आखूड घेतली की ती घशात अडकली. नियम आला, चार अंगुळांपेक्षा आखूड नको. अडीच हजार वर्षांपूर्वी संघात एवढ्या बारकाईने दातांचा विचार होत होता. कडुलिंबाची, बाभळीची काडी आजही चालेल, पण तिच्यात फ्लोराइड नसते आणि ती मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला पोचत नाही. म्हणून निदान रात्री ब्रश आणि पेस्ट.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांतही भिक्खू वर्षावास करीत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात लिहिले आहे की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवराचे पैसे मिळत. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याज वापरायचे. आमच्या ओळखीच्या एका बचत गटातल्या भगिनींनी लेणी बघून आल्यावर हीच युक्ती दातांसाठी केली. दर महिन्याला थोडे वेगळे काढायचे आणि ज्या घराला दातांचा मोठा खर्च येईल त्याला बिनव्याजी द्यायचे. पहिले कर्ज एका भगिनीच्या दाढेच्या कॅपसाठी गेले.

जायचे कुठे

पैशांची भीती खोटी नाही. छोटा खड्डा असताना सिमेंट भरणे एका बैठकीचे काम असते. तोच खड्डा नसेपर्यंत गेला की रूट कॅनल, वर कॅप, चार फेऱ्या आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी. म्हणून गरीब माणूस दाढ उपटून मोकळा होतो. वेळेवर जाणे हीच आपल्याला परवडणारी वाट आहे.

नाशिकमध्ये पंचवटीत मुंबई-आग्रा महामार्गावर महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि पैसे खाजगीपेक्षा कमी लागतात. लहान मुलांचा, हिरड्यांचा, कवळ्यांचा, शस्त्रक्रियेचा, तोंडाच्या आजारांचा असे वेगवेगळे विभाग एकाच इमारतीत असतात. आजीची कवळी आणि नातवाची दाढ यांसाठी दोन दवाखाने शोधावे लागत नाहीत. संपूर्ण घर एकाच ठिकाणी नेण्यासाठी आम्हाला ही सोय मोलाची वाटते.

त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर असतो का आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जी तपासणी होते तिच्यात दातही बघतात. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नका. कर्करोगाचे निदान झालेच तर उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटायचे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे.

शेजारचा खाजगी डॉक्टर चांगला आणि परवडणारा असेल तर तोही चालेल. मुद्दा इमारतीचा नाही. एकच जागा धरा आणि सोडू नका.

वही

एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला चार पाने. वर नाव, जन्मसाल, मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचे नाव, कोणत्या औषधाची रिॲक्शन येते ते, तंबाखू-मशेरी-सुपारी कधीपासून. खाली प्रत्येक भेटीची तारीख आणि काय केले. चिठ्ठ्या आणि फोटो त्याच वहीत. मधुमेहवाल्यांनी तर ही वही साखरेच्या डॉक्टरलाही दाखवावी, कारण साखर वाढली की हिरड्या सडतात आणि हिरड्या सडल्या की साखर आटोक्यात येत नाही. दात काढायला बसलेला माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे डॉक्टरला आधी कळणे किती गरजेचे, ते वेगळे सांगायला नको. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आणि कधी जायचे? डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी. आपल्याला तारखा शोधाव्या लागत नाहीत. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर, भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन, यांच्यात बरोबर सहा महिन्यांचे अंतर आहे. त्या दिवशी गर्दी आणि मिरवणूक, म्हणून त्या आठवड्यात. घरादाराने एकदम जायचे.

त्या आजींच्या चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. कर्करोग निघाला नाही, पण पुढे होऊ शकतो असा चट्टा निघाला. मशेरी बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचे. पहिला महिना त्यांना फार जड गेला, डोके दुखायचे, नातवंडांवर ओरडायच्या. तवा सुनेने शेजारी देऊन टाकला. पुढच्या दोन तपासण्यांत चट्टा लहान झालेला दिसला. सुनेला मुलगी झाली. मुलगा अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रात्रपाळीला जातो, जागे राहायला मावा खातो. तो तीनदा बोलावल्यावर आला, त्याची दोनच बोटे मावली. त्याने अजून सोडलेले नाही. त्याच्या पानावर पुढची तारीख लिहिली आहे, आणि वही आजींच्या ताब्यात आहे.